रिकामी ओळ कोणी पुसावी?

मध्य प्रदेशात आज ५५ जिल्हे आहेत, २०११ च्या जनगणनेच्या वेळी ५० होते. आजच्या जिल्ह्यांची यादी एक्सेलमध्ये घेऊन तिच्यापुढे २०११ ची लोकसंख्या जोडली, तर पाच जिल्ह्यांपुढची चौकट रिकामी राहते: २०१३ मध्ये झालेला आगर माळवा, २०१८ मधला निवाडी आणि २०२३ मधले मऊगंज, मैहर व पांढुर्णा. आता या शीटवर कुणी 'सफाई' केली, म्हणजे ज्या ओळीत रिकामी चौकट दिसते ती ओळच उडवली, तर पाचही जिल्हे एका झटक्यात जातात. आणि बेरीज जराही हलत नाही. राज्याची लोकसंख्या ७,२६,२६,८०९ होती तीच राहते, कारण, उदाहरणार्थ, आज पांढुर्णा जिल्ह्यात असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींची माणसं जुन्या छिंदवाडा जिल्ह्याच्या २०,९०,९२२ मध्ये आधीच मोजलेली आहेत. शीट तपासणारा माणूस आधी बेरीज पाहतो. ती जुळली की त्याचं समाधान होतं आणि फाइल पुढे जाते.

पुढे गेलेल्या फाइलीत छिंदवाड्याची लोकसंख्या जुनी आणि क्षेत्रफळ नवं, म्हणजे दोन तहसिली वजा झालेलं, असं घडू शकतं. भागाकार केला की छिंदवाड्याची घनता उगाच फुगते. पांढुर्णा तर यादीतच नसतो, त्यामुळे त्याच्याबद्दल शंका विचारायलाही कुणाला सुचत नाही.

एक्सेलमधल्या रिकाम्या ओळी काढाव्यात की नाही, हा प्रश्न अग्रलेखाच्या तोलाचा वाटणार नाही. कारकुनानं पाच मिनिटांत उरकायचं काम, असंच त्याच्याकडे पाहिलं जातं. पण पांढुर्ण्यासारख्या कोवळ्या जिल्ह्यात या कामाला वेगळं वजन येतं. २४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसावळीच्या हनुमान मंदिरातल्या कार्यक्रमात तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी घोषणा केली, आणि ५ ऑक्टोबरला पांढुर्णा, सौंसर या तहसिली व नांदनवाडी उपतहसील मिळून राज्याचा नवा जिल्हा अस्तित्वात आला. अधिसूचनेनं जिल्हा एका दिवसात होतो. याद्यांमध्ये मात्र तो एकेक ओळ करून व्हावा लागतो. शाळा, अंगणवाड्या, रेशन दुकानं, हातपंप, पेन्शनधारक, सगळ्यांच्या मागे छिंदवाडा लिहिलेलं असतं. तिथून ओळी निवडायच्या, नव्या फाइलीत उतरवायच्या आणि उतरवताना 'फालतू' ओळी गाळायच्या. यातलं फालतू काय, हे ठरवणाऱ्या माणसानं बहुधा ते गाव कधी पाहिलेलं नसतं.

आधी सफाई करणाऱ्यांची बाजू, कारण ती समजली जाते त्यापेक्षा भक्कम आहे.

रिकामी ओळ शीटमध्ये येते ती माणसाच्या डोळ्यासाठी. पटवारी एका हलक्याची, म्हणजे आपल्या कार्यक्षेत्राच्या एका भागाची, गावं लिहितो, एक ओळ मोकळी सोडतो, मग पुढचा हलका घेतो. कागदावर हे उत्तमच; वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. एक्सेल मात्र मोकळ्या ओळीला भिंत समजतं. एका चौकटीत उभं राहून फिल्टर लावला किंवा सॉर्ट केलं की ते सलग भरलेला तुकडा स्वतःच धरतं आणि पहिल्या पूर्ण रिकाम्या ओळीशी थांबतं. खालच्या ओळी फिल्टरच्या बाहेर राहतात. पिव्होट टेबलानं आपणहून पट्टा निवडला तरी हीच गत. पहिल्या हलक्याचे शेतकरी मोजले गेले आणि पुढच्या हलक्यांचे गेले नाहीत, असं होतं, आणि दोष कुणाचा हे सापडत नाही, कारण पुढचे हलके शीटमध्ये डोळ्यांना दिसत असतात. म्हणजे ओळ राखल्यानंही माणसं गळतात. रिकामी ओळ काढणं ही नीटनेटकेपणाची हौस नव्हे. ती काढल्यामुळेच पुष्कळदा खालची माणसं हिशेबात येतात.

दुसरं, मोकळी जागा ही हिशेबाच्या जुन्या शिस्तीलाही मान्य नव्हती. बांधकाम खात्याच्या मोजमाप पुस्तकात कोरी जागा राहिली तर तिच्यावर तिरप्या रेघा मारून सही-तारीख करायची, असा नियम आहे. कोऱ्या जागेत नंतर कुणी काही घुसडू नये, हे त्यामागचं कारण. एक्सेलच्या शीटमध्ये सोडलेल्या पाच मोकळ्या ओळी म्हणजे अशीच सोय असते. 'उशिरा आलेली नावं' तिथे बसतात आणि ती कधी बसली हे कळायला मार्ग नसतो. सफाईवाल्यांचा हा मुद्दा आम्हाला पूर्ण पटतो. फक्त एक पाहा: जुन्या शिस्तीनं कोऱ्या जागेवर रेघ मारली, पान फाडलं नाही.

तिसरं कारण वेळेचं. तहसिलीतून आलेल्या वीस फाइली दुपारपर्यंत एकत्र करून वर पाठवायच्या असतात. प्रत्येक फाइलीचा साचा वेगळा, कुणी वर चार ओळींचं शीर्षक घातलेलं, कुणी खाली 'एकूण' लिहून पुन्हा दोन ओळी सोडलेल्या. मजकूर क्रुतिदेवमध्ये टाइप केलेला असला आणि समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर अर्धी फाइल रोमन अक्षरांचा कचरा दिसते आणि हिंदी-मराठी वाचणाऱ्यालाही ती कचऱ्यातच टाकावीशी वाटते. अशा वेळी 'एकेका रिकाम्या चौकटीचं कारण शोधा' असा उपदेश करणं सोपं आहे. तो करणाऱ्यानं एकदा ती दुपार काढून पाहावी.

तरीही गफलत होते, आणि ती बहुतेक वेळा एकाच जागी होते. रिकामी ओळ आणि रिकामी चौकट असलेली ओळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक्सेलमध्ये सफाईची सर्वांत लोकप्रिय युक्ती अशी: 'गो टू स्पेशल' उघडायचं, 'ब्लँक्स' निवडायचं, मग डिलीट करून 'एन्टायर रो' म्हणायचं. तीन क्लिकांत काम फत्ते. पण ही युक्ती ज्या ज्या ओळीत एकही चौकट रिकामी आहे ती प्रत्येक ओळ उडवते. नाव आहे, गाव आहे, खसरा (शेतजमिनीचा) क्रमांक आहे, फक्त मोबाइल नंबर नाही, गेली ओळ. संगणकाच्या जाणकारांचंही काही फार निराळं नाही. पायथनच्या पांडाज संचात रिकाम्या ओळी गाळणारी आज्ञा काही न सांगता चालवली, तर तीही एक चौकट रिकामी असली तरी ओळ गाळते. 'सगळ्या रिकाम्या असतील तरच' हे तिला मुद्दाम सांगावं लागतं. उलट एक्सेलच्याच पॉवर क्वेरीमधली 'रिमूव्ह ब्लँक रोज' ही सोय पूर्ण रिकाम्या ओळीच काढते. हा फरक मदतीच्या पानांत लिहिलेला असतो. पण घाईतला माणूस मदतीचं पान उघडत नाही.

सरकारी साच्यांमध्ये एक जास्तीचा सापळा असतो, मर्ज केलेल्या चौकटींचा. गावाचं नाव एकदाच, उभ्या लांब चौकटीत, आणि शेजारी त्या गावच्या सात विहिरींच्या सात ओळी. दिसायला देखणं. ही चौकट सोडवली की नाव पहिल्या ओळीत उरतं आणि खालच्या सहा ओळींत गावाचा रकाना रिकामा होतो. आता कुणी 'गावाचं नाव नसलेल्या ओळी' काढल्या तर प्रत्येक गावाला एकच विहीर शिल्लक राहते. इथे उपाय ओळ काढण्याचा नसून वरचं नाव खाली ओढून भरण्याचा आहे, आणि तो दोन मिनिटांचा आहे. म्हणून या प्रकाराबद्दल आम्हाला फारशी सहानुभूती नाही.

सहानुभूती लागते ती पुढच्या प्रकाराला.

छिंदवाडा जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत गावांची यादी असते. देशातल्या अनेक जिल्ह्यांच्या अशा यादीत काही गावांपुढे घरं ०, माणसं ० असं लिहिलेलं सापडतं. सोयीसुविधांच्या तक्त्यात तर त्यांच्यापुढचे रकाने रिकामेच असतात. शाळा नाही, दवाखाना नाही, पाण्याची टाकी नाही. ही निर्जन गावं. मध्य प्रदेशच्या महसुली हिंदीत यांना वीरान म्हणतात, सीमेपलीकडे नागपूर जिल्ह्यात रीठ. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी ४० हजारांहून अधिक गावं अशी होती. जनगणना गाव मानते ते महसुली गाव: मोजणी झालेलं, हद्द ठरलेलं, स्वतःचा नकाशा असलेलं. तिथे माणूस राहतो की नाही हा नंतरचा प्रश्न.

लोकसंख्येसाठी काम करणाऱ्याला ही ओळ खरोखरच निरुपयोगी आहे. सरासरी गाव किती मोठं, हे काढताना शून्याची गावं धरली तर उत्तर बिघडतं. शाळेपासूनचं अंतर तपासणाऱ्या अभ्यासकाला मूल नसलेल्या गावाशी कर्तव्य नाही. त्यानं ती ओळ बाजूला ठेवली तर तो योग्यच करतो, आणि 'निर्जन गावं वगळून' एवढे तीन शब्द तक्त्याखाली लिहिले तर कुणाची तक्रार असायचं कारण नाही.

पण हीच यादी शेतीच्या कामाला घेतली की चित्र उलटं होतं. माणूस राहत नसला तरी जमीन ओस नसते. शेजारच्या गावचे शेतकरी रिठातली जमीन कसतात. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात, पलीकडच्या काटोल-नरखेडसारखीच, कपाशी आणि संत्रा ही पैशाची पिकं. ज्या गावात एकही चूल पेटत नाही तिथे संत्र्याची झाडं फळांनी वाकलेली असू शकतात. गारपीट झाली तर ती वस्ती पाहून होत नाही. मध्य प्रदेशात पीकहानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रक ६(४) खाली, गावनिहाय पाहणी करून ठरते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मुख्य पिकांसाठी राज्यातलं एकक पटवारी हलका आहे, आणि हलका म्हणजे एक किंवा अनेक गावं. जनगणनेची यादी 'आधारयादी' म्हणून उचलली, शून्य लोकसंख्येच्या ओळी आधीच साफ केल्या आणि त्या यादीला खसऱ्यांचे आकडे जोडले, तर निर्जन गावातल्या खसऱ्यांना जोडायला ओळच सापडत नाही. शेतकरी राहतो एका गावात, त्याचं एक शेत दुसऱ्या गावात. पहिलं यादीत आहे, दुसरं नाही. त्याला अर्धी मदत मिळते. तो तहसिलीत विचारायला जातो तेव्हा समोरचा बाबू प्रामाणिकपणे सांगतो की हे गाव आमच्या यादीत नाही.

निर्जन गावाचा हक्क जमिनीपुरताही संपत नाही. मध्य प्रांताच्या काळापासून गावोगावच्या निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये चराई, जळण, वाट, पाणी यांचे हक्क लिहिलेले असतात. कुणाची गुरं कुठल्या गावच्या झुडपी रानात चरतील, हे त्यात गावाच्या नावानं नोंदलेलं असतं. गाव यादीतून गेलं म्हणून हक्क कायद्यानं जात नाही, हे खरं. पण हक्क सांगायला गेलेल्या माणसाला आधी गाव आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

म्हणून एकच ओळ एका कामात अडगळ आणि दुसऱ्या कामात पुरावा असते. ती 'रिकामी' आहे की नाही याचं उत्तर शीटमध्ये मिळत नाही, शीट कशासाठी उघडलं यात मिळतं. अडचण एवढीच की फाइली उद्देश विसरून फिरतात. लोकसंख्येच्या अभ्यासासाठी साफ केलेली फाइल 'पांढुर्णा गावयादी अंतिम' या नावानं पेनड्राइव्हवर चढते आणि दोन वर्षांनी कृषी विभागाच्या संगणकावर उघडते.

शून्य आणि रिकामं यांच्यातला गोंधळ पावसाच्या नोंदीत आणखी स्वच्छ दिसतो. समजा, दहा दिवसांत ५० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, पण त्यातले दोन दिवस पर्जन्यमापकाकडे कुणी गेलंच नाही. त्या दोन चौकटी रिकाम्या ठेवल्या तर एक्सेलची सरासरी आठ दिवसांवर भागते, ६.२५ येते. 'रिकामं बरं दिसत नाही' म्हणून शून्य भरलं तर ५ येते. दोन्ही आकडे सुबक, दोन्हींखाली सही करायला माणूस तयार. जुन्या कचेऱ्यांत यावर उपाय होता: सांगण्यासारखं काही नसेल तरी 'निरंक' अहवाल पाठवावाच लागे. निरंक आलं म्हणजे पाहिलं आणि काही नव्हतं. काहीच आलं नाही म्हणजे पाहिलं की नाही ठाऊक नाही. संगणक आल्यावर ही शिस्त वाढायला हवी होती, कारण एक शब्द टाइप करायला काहीच लागत नाही. झालं उलटंच. साच्यातले अनिवार्य रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून लोक ० किंवा ९९९९ टाकून सुटतात.

नव्या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, ती नावांच्या जोडणीतली. एका यादीत सौसर, दुसऱ्या यादीत सौंसर, कुठे शेवटी ना, कुठे णा. पांढुर्णा, पांढुरना, पांढुर्ना. रोमन लिपीत तर सौंसरचा एक 'एन' कुठे असतो, कुठे नसतो. एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्राला हे कळत नाही. त्याला जुळणी सापडत नाही आणि एररची अक्षरं नकोत म्हणून सूत्र लिहिणाऱ्यानं 'न सापडल्यास रिकामं दाखव' अशी तजवीज आधीच केलेली असते. मग चौकट कोरी दिसते आणि सफाईत ओळ जाते. इथे रिकामेपण ना गावाचं, ना माणसाचं. ते केवळ एका अनुस्वाराचं असतं. असल्या ओळी काढणं म्हणजे तक्रार ऐकण्याआधी तक्रारदारालाच हाकलणं. उपायही ठरलेला आहे: केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तहसिलीला, गावाला क्रमांक आहे, जोडणी नावावर न करता क्रमांकावर करावी. हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही क्रमांकाचा रकाना 'दिसायला गर्दी होते' म्हणून सर्वांत आधी उडतो.

आता सर्वांत अवघड प्रकार, जिथे ओळ म्हणजे माणूस आहे. रेशनच्या यादीत ई-केवायसीचा रकाना रिकामा असलेली नावं गाळावीत का? एका बाजूला खरा युक्तिवाद आहे. मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची, दोन ठिकाणी असलेली नावं याद्यांत वर्षानुवर्षं राहतात. त्यांच्या नावावरचं धान्य कुठे जातं हे गावाला ठाऊक असतं. पात्रतेची संख्या ठरलेली असेल तर एक खोटं नाव एका खऱ्या कुटुंबाची जागा अडवतं. यादी साफ न करणं म्हणजे दयाळूपणा, असं मानणं भाबडेपणाचं आहे. दुसऱ्या बाजूला, रिकामी चौकट कारण सांगत नाही. माणूस मेला म्हणूनही ती रिकामी असते, नागपूरला मजुरीला गेला म्हणूनही, वयानं बोटांचे ठसे पुसट झाले म्हणूनही, आणि दुकानातलं यंत्र त्या आठवड्यात बंद होतं म्हणूनही. चार वेगळी कारणं, एकच कोरी चौकट. फिल्टरला ती चारही सारखीच.

इथे आमचा कौल स्पष्ट आहे: यादी साफ व्हावी, पण रिकामेपणा हा निकाल मानू नये, तो चौकशीचा आरंभ मानावा. नाव काढायचं तर कारणाचा रकाना भरून काढावं: मृत, स्थलांतरित, दुबार, आढळले नाही. 'आढळले नाही' यावर लगेच गाळणी करू नये. याला वेळ लागेल, पैसा लागेल, आणि काही खोटी नावं आणखी काही महिने धान्य उचलतील. ती किंमत आहे, ती नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. आम्हाला ती दुसऱ्या किंमतीपेक्षा कमी वाटते, कारण खोटं नाव पुढच्या फेरीत पुन्हा सापडतं. गाळलेला खरा माणूस यादीतच नसल्यामुळे पुढच्या फेरीत त्याला शोधायला कुणी जात नाही.

मग काहीच पुसू नये, सगळं राखावं, नको ते फक्त लपवावं? हा मधला मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो: ओळ डिलीट न करता 'हाइड' करायची. त्याची फजिती जगानं पाहिली आहे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्सचा व्यवसाय बार्कलेज बँक विकत घेत होती तेव्हा करारांची यादी एक्सेलमध्ये होती. नको असलेले १७९ करार त्यात लपवलेल्या ओळींत होते. घाईनं त्या फाइलीची पीडीएफ करताना लपलेल्या ओळी उघड्या झाल्या आणि नको असलेले करारही खरेदीच्या यादीत शिरले. ते बाहेर काढण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. लपवलेली ओळ राखली गेली असं वाटतं, पण पुढच्या माणसाला ती आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे कधी ती चुकीच्या वेळी परतते, कधी कॉपी-पेस्टमध्ये हरवते. आम्हाला विचाराल तर पुसणं, राखणं आणि लपवणं या तिन्हींत लपवणं सर्वांत वाईट. डिलीट करणारा निदान काहीतरी ठरवतो.

ओळी सुटल्या तर काय होतं याचंही उदाहरण तितकंच प्रसिद्ध आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ तो देशोदेशी दाखवला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन यानं मूळ शीट तपासलं तेव्हा सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलेलं आढळलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे देश हिशेबातच आले नव्हते. आणखीही आक्षेप होते, त्यांवर वाद झाले. पण ही चूक लेखकांनी मान्य केली. सापडली कशामुळे, तर मूळ शीट शाबूत होतं आणि मागितल्यावर मिळालं. पांढुर्ण्याच्या एखाद्या गावयादीची अशी तपासणी कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. बहुधा कुणीच नाही. म्हणूनच मूळ फाइल हात न लावता ठेवणं तिथे जास्त गरजेचं आहे.

आपल्याकडच्या दोन जुन्या पद्धती या बाबतीत एक्सेलच्या पुढे आहेत. मतदारयादीला पुरवणी जोडतात तेव्हा वगळलेलं नाव मूळ यादीतून खोडून टाकत नाहीत. त्यावर 'विलोपित' असं आडवं छापतात, क्रमांकासह ओळ तिथेच राहते, आणि पुढच्या पुनरीक्षणात नवी यादी बांधताना ती जाते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तर त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. कोणत्या नोंदीनं नाव गेलं हे पाहायला ती नोंद उघडता येते. दोन्हीकडे पुसणं आहेच, पण पुसणाऱ्याची सही आणि कारण मागे उरतं. या पद्धतींत अन्याय होत नाहीत असं मुळीच नाही. निदान झालेला अन्याय कुठल्या ओळीत झाला, हे दाखवता येतं.

एक्सेलमध्ये हे करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. 'स्थिती' नावाचा एक रकाना लागतो: वस्ती, निर्जन, माहिती अप्राप्त, दुबार, साच्यातली मोकळी ओळ. शेवटच्या प्रकारच्या ओळी खुशाल उडवाव्यात, त्यांचं कुणाला सुतक नाही. बाकीच्या ज्याला ज्या कामासाठी नको असतील त्यानं त्या रकान्यावर फिल्टर लावावा. पूर्ण रिकामी ओळ ओळखायला 'काउंटए'चं एक सूत्र शेवटच्या रकान्यात पुरतं; उत्तर शून्य आलं तर ओळ खरोखर कोरी. स्पेस टाइप केलेली किंवा रिकामं उत्तर देणारं सूत्र असलेली चौकट मात्र ते भरलेली म्हणून मोजतं, तेवढं डोळ्यांनी पाहावं. आक्षेप असा येईल की हा रकाना भरणार कोण? उत्तर गैरसोयीचं आहे: ज्याला गाव माहीत आहे तो, म्हणजे पटवारी, सचिव, शिक्षक, ज्यांच्या डोक्यावर आधीच पंधरा पोर्टलं आहेत. त्यांचं एखादं पोर्टल कमी न करता हा रकाना वाढवला, तर तोही ९९९९ नं भरून येईल.

पांढुर्ण्याला हा प्रश्न लवकरच आकड्यांत भेटणार आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच बदलता येणार होत्या. १ मार्च २०२७ ची पहिली घटका हा मोजणीचा संदर्भक्षण आहे, आणि पांढुर्णा जिल्हा म्हणून पहिल्यांदाच मोजला जाईल. तक्ता निघेल तेव्हा शेजारी २०११ चा रकाना असेल, आणि वाढ किती झाली हे विचारलं जाईल. नव्या जिल्ह्यांसाठी मागच्या दशकांचे आकडे नव्या हद्दीत बसवून देण्याचा जनगणना खात्याचा रिवाज आहे, थेट १९०१ पर्यंत मागे जाऊन. त्यासाठी जुन्या छिंदवाड्यातल्या दोन तहसिलींच्या गावांच्या ओळी उचलाव्या लागतात, शिवाय पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा नारायणवार ही गावं जिथे शहर म्हणून लिहिली गेली तिथल्या निराळ्या ओळी. २०११ मध्ये ज्या गावापुढे ० आहे, त्याच गावापुढे एखाद्या जुन्या जनगणनेत माणसांचा आकडा असू शकतो. ती ओळ तोवर कुणी साफ केलेली नसली, तरच तो आकडा पांढुर्ण्याच्या बेरजेत येईल.